पित्ताच्या बाजूचं दार

मोतीबिंदू काढल्यापासून बजाबाईंच्या उजव्या डोळ्यात थेंब घालायचं काम रेश्माकडे आलं होतं. सुनेचा हात हलका आहे असं बजाबाईंचं मत होतं. शिवाय ती औषधांच्या कॉलेजात शिकवते म्हणजे थेंब नेमका डोळ्यातच पडणार, असा एक भाबडा विश्वास. त्या सकाळीही गॅलरीतल्या उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची ओढून, मान मागे टाकून त्या बसल्या. रेश्मा वाकली, सासूची खालची पापणी बोटानं ओढली, थेंब सोडला. एरवी बजाबाई लगेच डोळा मिटायच्या. आज त्यांनी मिटला नाही. औषध गालावरून ओघळलं तरी त्या रेश्माच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "चष्मा काढ की जरा," त्या म्हणाल्या. तिनं काढला. "तुजं डोळं पिवळं दिसायलेत गं." मग आपल्याच नव्या डोळ्यावर संशय येऊन त्यांनी तो हातानं झाकला, जुन्या डोळ्यानं बघितलं, मग जुना झाकून पुन्हा नव्यानं. दोरीवरच्या टॉवेलकडे बघितलं, समोरच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघितलं. सगळं पडताळून झाल्यावर त्यांनी निकाल दिला, "टावेल पांढरा हाय. तुजं डोळं न्हाईत."

रेश्माला आधी हसूच आलं. म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, सगळं जगच पिवळं दिसतं, आणि सगळंच पिवळं असलं की काहीच पिवळं वाटत नाही. भिंग बदललं की पांढरं पुन्हा पांढरं होतं. हे तिला पाठ होतं. शस्त्रक्रियेसाठी सासूच्या मागे तीच लागली होती, आणि त्या नव्या भिंगानं आल्या आल्या पकडलं ते हिलाच. ती बाथरूममध्ये गेली, दिवा लावला, पापणी ओढून आरशात बघितलं. हळदीइतका नाही, पण जुन्या वहीच्या पानासारखा रंग होता. कॉलेजातल्या एवढ्या औषधपंडितांपैकी कुणाला तो दिसला नव्हता, नवऱ्याला, अजिंक्यलाही, दिसला नव्हता. पिवळेपणाचं कारण तिला आरशासमोरच कळलं. ते तिच्या पर्समध्ये, चष्म्याच्या जादा डबीत, गुलाबी पाकिटात होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पहिलं वर्ष थांबायचं असं दोघांनी मिळून ठरवलं होतं, आणि गोळ्यांची पाकिटं अजिंक्य स्वतः चौकातल्या मेडिकलमधून आणून द्यायचा. वर्ष संपल्यावर तो एकदा म्हणाला, "आता बंद करायला हरकत नाही ना?" ती "हं" म्हणाली, आणि पुढच्या महिन्याचं पाकीट तिनं कॉलेजजवळच्या दुकानातून स्वतः घेतलं. त्या "हं"ला खोटं म्हणायचं की नाही यावर तिनं फारसं डोकं चालवलं नव्हतं. मूल नको होतं असं नाही. हवं होतं असंही तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. तिसऱ्या तासानंतर कूलरच्या पाण्याबरोबर एक गोळी घेतली की तो प्रश्न उद्यावर जायचा, आणि उद्या पुन्हा तिसरा तास असायचा.

असं एकदा मोडनिंबला शाळेत असतानाही झालं होतं. दहावीच्या परीक्षेच्या आधी ती दोन-तीन दिवस तापात पडली, आणि ताप उतरला तेव्हा डोळे पिवळे होते. घरात कुणी तरी कावीळ म्हणालं आणि आबासाहेबांनी, तिच्या वडिलांनी, तिला मोटारसायकलवर घालून जवळच्या वस्तीवरच्या एका बाईकडे नेलं. बाईनं तिला उताणं निजवून नाकात कसल्या तरी कडू फळाचा रस सोडला. मेंदूपर्यंत आग गेली. दिवसभर नाकातून पिवळं पाणी गळत राहिलं आणि आबासाहेब धोतराच्या सोग्यानं ते टिपत "निघालं बघ, निघालं," म्हणत राहिले. त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की तिनं रडणं आवरलं. नाकाचं अस्तर पोळलं की असं पाणी सुटतंच, त्याचा यकृताशी काही संबंध नाही, हे तिला बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षी कळलं. पण त्या दिवशीही, वडील निघालं निघालं म्हणत असताना, आपल्यातून काहीही निघालेलं नाही असं तिला पक्कं वाटत होतं. डोळे पुढे महिन्याभरात आपोआप निवळले. तो कडूपणा मात्र घशाच्या वरच्या कोपऱ्यात बसून राहिला. अजूनही एखाद्या दुपारी, फळ्याकडे तोंड असताना, तो अचानक जिभेवर उतरायचा.

आरशात बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं रक्त दिलं, रिपोर्ट मोबाइलवर आला. यकृताला इजा झाली की जे आकडे वाढतात ते सगळे जागच्या जागी होते. नुसतं बिलिरुबिन वाढलेलं, तेही यकृतानं प्रक्रिया करून बाहेर टाकायला तयार ठेवलेलं. म्हणजे कारखाना ठीक चाललाय, माल तयार होतोय, फक्त बाहेर जात नाहीये. संध्याकाळी अजिंक्य जिल्हा परिषदेतून परस्पर दवाखान्यात आला. तिनं एकटी जाते म्हटलं होतं, तो ऐकला नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली, लहानपणचं विचारलं, आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. डुबिन-जॉन्सन म्हणतात याला. जन्मापासून असणार. यकृताच्या पेशीत पित्तात माल सोडणारं एक प्रथिन असतं, ते यांच्यात काम करत नाही. यकृत आतून काळं पडतं, अगदी कोळशासारखं. पण काम चोख करतं. याच्यावर औषध नाही आणि लागतही नाही." अजिंक्यला ते काळं यकृत फार आवडलं. "आतून काळी आहे म्हणजे ही," तो हसत म्हणाला. डॉक्टरही हसले. मग रिपोर्टची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "एरवी हे झाकलेलं राहतं. तापात, आजारपणात कधी तरी वर येतं. पण बाईमाणसात ठळक दिसायला लागलं की आम्ही दोनच गोष्टी आधी विचारतो. एक तर गर्भनिरोधक गोळ्या, नाही तर गरोदरपण. गोळ्या चालू आहेत का मॅडम?" तिच्या आधी अजिंक्यच बोलला. "छे छे, आमचं तर दोन वर्षं..." आणि अवघडून थांबला. डॉक्टर रेश्माकडे बघत होते. टेबलावर यकृताचं प्लास्टिकचं मॉडेल होतं, त्याचा पित्ताशयाचा हिरवा तुकडा निखळून बाजूला पडला होता. "नाही," ती म्हणाली. "मग एक तपासणी करून टाका," डॉक्टर म्हणाले. "गोड बातमी असायची."

तिनं बोललेलं हे पहिलं सरळ खोटं होतं, आणि ते किती सहज निघालं याचंच तिला नवल वाटत होतं. त्याचा अर्थ मात्र तिला गाडीवर बसल्यावर कळायला लागला. विजापूर रोडवरून आत वळल्यावर जुळे सोलापूरच्या त्या गल्ल्यांत पावलागणिक गतिरोधक. कुणी सोसायटीनं घातलेले, कुणी आपल्याच दारासमोर सिमेंट ओतून केलेले. अजिंक्य एरवी त्यांवरून गाडी उडवतच न्यायचा आणि ती पाठीत गुद्दा घालायची. त्या संध्याकाळी पहिला गतिरोधक आला आणि त्यानं गाडी जवळजवळ थांबवली. पुढचं चाक हळू चढवलं, हळू उतरवलं, मग मागचं. पुढच्यालाही तेच. पाठमोऱ्या माणसाचे कान हसताना थोडे वर जातात, ते तेवढे तिला दिसले. मेडिकलसमोर थांबून त्यानं तपासणीचं किट घेतलं, घरी इस्त्रीच्या रुमालांच्या कप्प्यात ठेवलं. "सकाळची पहिली लघवी लागते ना? उद्या करूया?" त्यानं हळूच विचारलं. "सोमवारी करू, थोडे दिवस जाऊ देत," ती म्हणाली. तो लगेच मान हलवून हो म्हणाला, तज्ज्ञाचं ऐकावं तसं.

गुरुवारचा तिसरा तास योगायोगानं त्याच विषयाचा होता. योगायोग कसला, अभ्यासक्रम दरवर्षी याच आठवड्यात यकृतापाशी पोचतो. तिनं फळ्यावर यकृताची पेशी काढली. पेशीला दोन बाजू, ती सांगायला लागली, एक रक्ताकडची, एक पित्ताकडची. औषध रक्तातून आत येतं. आत त्याचं रूप बदलतं, मोडतोड होते, आणि मग त्याच्या पाठीवर साखरेच्या जातीतलं एक आम्ल चिकटवलं जातं. का चिकटवायचं? तर तेलात विरघळणारा माल पाण्यात विरघळावा आणि शरीराबाहेर जावा म्हणून. पण यात एक गोम आहे. हे ओझं पाठीवर आलं की त्याला पेशीच्या भिंतीतून आपलं आपण निसटता येत नाही. आलं तेव्हा भिंतीतून आलं, आता जायला दार लागतं. ते दार पित्ताच्या बाजूला असतं, आणि नुसतं दार नाही, तिथं हमाल बसलेला असतो, तो ऊर्जा खर्चून एकेक कण पित्तात ढकलतो. पलीकडे आधीच कितीही दाटी असली तरी ढकलतो. पुढे पित्त आतड्यात जातं. तिथले जीवाणू कधी कधी पाठीवरचं ओझं कापून टाकतात, मग औषध पुन्हा मोकळं होऊन रक्तात शिरतं, पुन्हा यकृतात येतं. बाहेर टाकलं म्हणजे गेलंच असं नसतं. मुलं लिहून घेत होती. पंखा खडखडत होता. पहिल्या बाकावरच्या जोयानं हात वर केला. ही पोरगी दर तासाला एक प्रश्न विचारायची आणि तो बहुतेक वेळा बरा असायचा. "मॅडम, ते पित्ताकडचं दारच नसलं तर?" रेश्मानं खडू खाली ठेवला. "तर पेशी रक्ताकडच्या बाजूला दुसरं दार वाढवते. माल उलटा रक्तात सोडते. थोडा मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो, थोडा अंगात फिरत राहतो." "मग पेशंटला काय त्रास होतो?" "काही नाही. आयुष्य सगळं जगतो. डोळे तेवढे पिवळे दिसतात." हे म्हणताना तिनं सवयीनं चष्मा काढून पदराला पुसला, आणि वर बघितलं तेव्हा जोया पेन थांबवून तिच्या डोळ्यांकडे बघत होती. मुलगी शहाणी, तिनं नजर खाली घेतली आणि उत्तर लिहून घेतलं.

तास संपल्यावर ती कूलरपाशी गेली, डबी उघडली, गोळी तळहातावर घेतली. आता ही घ्यायची नाही, हे कुठल्याही पहिल्या वर्षाच्या पोरानं सांगितलं असतं. आणि खरं तर सगळं किती सोपं होतं. आज गोळ्या थांबवायच्या. दोन-तीन दिवसांत पाळी येईल. अजिंक्यला सांगायचं, नव्हतंच काही. किट उघडायचीही गरज पडणार नाही. काही आठवड्यांत डोळे निवळतील, मग बंद केल्या तशा बंदच ठेवायच्या नाहीतर दुसऱ्या कुठल्या उपायाकडे वळायचं. कुणालाही कधीही काहीही कळणार नाही. खरं बोलायला तेवढे दोन-तीन दिवसच हातात होते; एकदा पाळी आली की बोलायचं कारणच उरणार नव्हतं. फक्त अजिंक्य पुन्हा एकदा मान हलवील. गेल्या दिवाळीला मंद्रूपहून आलेल्या एका चुलत सासूनं फराळ करता करता रेश्माला वांझ म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात अजिंक्य आईला म्हणाला होता, "तिला कुणी काय बोलायचं न्हाय. माझी तपासणी झालीय. कमी माझ्यात हाय." रेश्मा हॉलमध्ये रांगोळीचे डबे आवरत होती, तिनं ते ऐकलं. खरं तर त्याच्या रिपोर्टमध्ये शुक्राणूंचा आकडा जरासा खाली होता इतकंच, असं असूनही पुष्कळांना मुलं होतात. पण त्यानं घट्ट पँट घालणं सोडलं, रोज दुधात कसलंसं चूर्ण घालून तोंड वाकडं करत पिऊ लागला, आणि बजाबाईंनी त्या दिवसापासून सुनेला फुलासारखं जपायला सुरुवात केली. पहिली भाकरी तिला, दुधावरची साय तिला. संकष्टीचा उपास केलास तर बघ, असा दम. मुलाच्या उणिवेची भरपाई त्या आपल्या परीनं करत होत्या, आणि रेश्मा ती साय खात होती. ती चांगली लागायची, हे सगळ्यात वाईट. त्या दुपारी तिनं गोळी घेतली. का घेतली हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. थांबवली असती तर खोटं पूर्ण झालं असतं, आणि अजून त्याला पूर्ण होऊ द्यावंसं वाटत नव्हतं, एवढं खरं.

बजाबाईंना डॉक्टरांचं "औषध नाही आणि लागतही नाही" मुळीच पटलं नाही. औषध नसलेला डॉक्टर म्हणजे काय, असं त्या दोन दिवस पुटपुटत राहिल्या. शनिवारी एसटीनं त्या पुढे मंद्रूपला गेल्या, राजेसाबांना गाठलं, आणि रविवारी सकाळी दोघांनी यायचंच असा फोन केला. राजेसाब म्हणजे मंद्रूपला टायर पंक्चरचं दुकान चालवणारा माणूस. रविवारी दुकान बंद ठेवून तो कावीळ उतरवायचा. त्याच्या आज्जीची विद्या. त्या विद्येला पैसा चालत नाही, एक नारळ तेवढा ठेवायचा. रेश्माला नाही म्हणता आलं असतं. पण अजिंक्य म्हणाला, "जाऊ या, आईचं समाधान. हात धुवायचे असतात नुसते, पोटात काही घ्यायचं नाही. मी विचारून घेतलंय." विचारून घेतलंय हे त्यानं ज्या काळजीनं सांगितलं त्यावरून तो कुणाची काळजी करतोय ते उघड होतं. सगळा रस्ता त्यानं गाडी कडेकडेनं नेली. मागून ट्रक आले की तो गाडी रस्त्याखाली उतरवून थांबायचा. वडकबाळच्या पुलावरून सीना नदीचं उरलंसुरलं पाणी हिरवं दिसत होतं. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि शर्टाखाली खांदा कसा निर्धास्त पडलाय ते हाताला कळत होतं. या खांद्याला आपण काय सांगणार आहोत, हा विचार तिनं हातासकट उचलून मांडीवर ठेवला.

बजाबाई दुकानासमोरच्या लिंबाखाली वाट बघत होत्या. अजिंक्यनं गाडी उभी केली, आधी आपण उतरला, मग हात धरून रेश्माला उतरवलं. बजाबाईंच्या नव्या डोळ्यानं तेही टिपलं. रेश्मानं पर्समधून औषधाची बाटली काढून सासूच्या डोळ्यात थेंब घातले, तेव्हा त्यांनी या खेपेला डोळा लगेच मिटला आणि मिटल्या डोळ्यानं तिच्या गालावरून हात फिरवला. आत शेणानं सारवलेल्या जागेवर पितळी परात, चुन्याची डबी, पाल्याचा हिरवा रस. राजेसाब पाटावर बसले होते. साठीचे, बोटं टायरच्या काळ्या रंगानं कायमची रंगलेली. शेजारी तेलाचा रिकामा डबा होता आणि त्यात गोळ्यांची पाकिटं, अर्धवट बाटल्या. रेश्मानं सवयीनं वाचलं: तापाच्या, अंगदुखीच्या, यकृताचं एक टॉनिक. "हितं एक नेम हाय बाई," राजेसाब म्हणाले. "आंगात दोन दवा चालत न्हाईत. जी काय इंग्रजी गोळी चालू असंल ती आपल्या हातानं ह्या डब्यात टाकायची. माघारी न्यायची न्हाय. नसंल तर नसंल म्हनायचं, पर हात परातीत घालायच्या आदी म्हनायचं." नेम म्हणून सांगितलेलं ते वाक्य होतं, प्रत्येकाला ते हेच सांगत असणार. तेवढ्यात बजाबाई पदर सावरून पुढे झाल्या आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "भाऊ, पोटुशी बाईला चालतंय न्हवं हे?" राजेसाबांनी मान वर केली. "पोटात काय जात न्हाय की ह्यात. चालतंय." अजिंक्यनं आईला गप्प करायला हवं होतं. त्यानं केलं नाही. तो खाली बघत होता आणि त्याचे कान वर गेले होते.

रेश्माला वाटलं होतं की असा क्षण आला तर छाती धडधडेल, हात कापतील. तसं काही झालं नाही. उलट सगळं फार स्वच्छ आणि थोडं लांब दिसायला लागलं, परातीची कड, चुन्याचा ओला वास, राजेसाबांच्या नखातला काळा रंग. नसंल तर नसंल म्हनायचं. जिभेवर तयार होतं ते. एकदा बोलून झालेलंच होतं, दुसऱ्यांदा आणखी सोपं गेलं असतं. आणि त्याच वेळी तिला मोडनिंबचे आबासाहेब आठवले, निघालं बघ म्हणताना त्यांचं तोंड, आणि काहीच निघालेलं नाही हे माहीत असून गप्प पडून राहिलेली आपण. तिनं पर्स उघडली. चष्म्याची डबी काढली. त्यातलं गुलाबी पाकीट, दिवसाच्या पुढे दिवस दाखवणारे बाण छापलेलं, वरच्या दोन ओळी रिकाम्या, तिनं सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि डब्यात टाकलं. डब्यात इतकी पाकिटं होती की आवाजही झाला नाही. राजेसाबांनी तिकडे बघितलंही नाही, त्यांना डबा भरल्याशी मतलब. बजाबाईंनी विचारलं, "कसली गं ती गोळी?" रेश्मानं तोंड उघडलं. पण ते पाकीट अजिंक्यनं ओळखलं होतं. वर्षभर त्यानंच तर ते आणून दिलं होतं, त्याच गुलाबी रंगाचं. तो डब्याकडे बघत होता, मग रिकाम्या ओळींकडे, मग कुठंच नाही. "डोकं दुखतं तिचं," तो आईला म्हणाला. "त्याची हाय."

मग राजेसाबांनी तिचे हात परातीत घेतले, कोपरापर्यंत चुना चोळला, वरून रस ओतला, आणि पाणी पिवळं झालं. त्या पाल्यात चुना पडला की कुणाचेही हात धुतले तरी पाणी पिवळंच होणार, हे तिला माहीत होतं. तरी ती बघत राहिली. "बगा, केवडी उतरली," राजेसाब म्हणाले आणि बजाबाईंनी सुस्कारा सोडला. नारळ ठेवून झाला. बजाबाई त्या दिवशी तिथंच राहणार होत्या, निघताना त्यांनी मुलाला बजावलं, "सावकाश जा. आता यकटा न्हाईस." अजिंक्य बरं म्हणाला.

परतीच्या वाटेवर त्यानं ट्रकसाठी गाडी कुठंच खाली उतरवली नाही. गाडी वेगात होती, पण रागात असावी इतकी नाही, एरवी चालवायचा तशीच. पूल ओलांडल्यावर वाऱ्यातून त्यानं विचारलं, "पहिल्यापासून चालूच?" "हो," ती म्हणाली. बऱ्याच अंतरानं तो म्हणाला, "मला सांगायचं तरी. नको म्हणाली असतीस तर मी काय..." पुढचं वाऱ्यात गेलं. "नको असं नव्हतं," ती म्हणाली. "काय हवंय तेच मला ठरवता येत नव्हतं. अजूनही येत नाही." "आणि मी ते चूर्ण पीत होतो," तो म्हणाला. हे त्यानं तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, एखादी गोष्ट उशिरा लक्षात यावी तसं म्हटलं, आणि तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली. हात कोपरापर्यंत चुन्यानं आवळत चालले होते. सैफुलची वस्ती ओलांडून गाडी गल्लीत वळली. पहिला गतिरोधक आला, त्यानं वेग कमी केला नाही. ती उसळली, तिनं सीटची मागची कड धरली. दुसरा आला, तोही तसाच गेला. आता ती वाट बघायला लागली पुढच्याची, दणका बसायची, आणि त्यात एक प्रकारची सुटका होती.

सोसायटीच्या तोंडाशीच शेवटचा, सगळ्यात उंच. तिथं त्याचा हात ब्रेकवर गेला. गाडी मंदावली. पुढचं चाक हळू चढलं, हळू उतरलं, मग मागचं, कसलंही ओझं सांडू नये इतकं सांभाळून. चाक खाली टेकल्यावर आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं गाडी तिथंच उभी केली, दोन्ही पाय जमिनीला टेकवले. इंजिन चालू होतं. तो मागे वळला नाही. "सवय लागली बघ," तो म्हणाला. "चार दिवसांत."

तिनं चुन्यानं पांढरा झालेला हात उचलला, त्याच्या खांद्यापर्यंत नेला, आणि ठेवू का, हे तिला विचारावंसं वाटलं. समोरून पाण्याचा टँकर येत होता. टँकरवाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा अजिंक्यनं गाडी बाजूला घेतली.